शिस्तीची भुरळ

जून महिन्याचा अखेरचा आठवडा आला की आणीबाणीच्या आठवणी निघतात. गावोगावी सभा होतात, मिसाबंदींचे सत्कार होतात, २५ जून १९७५ च्या रात्रीचा इतिहास नव्या पिढीला पुन्हा सांगितला जातो. हा दिवस ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून पाळण्याचे केंद्र सरकारने २०२४ मध्ये घोषित केल्यापासून या कार्यक्रमांना शासकीय अधिष्ठानही लाभले आहे. ज्यांनी तुरुंगवास भोगला, नोकऱ्या गमावल्या, ज्यांच्या संसाराची घडी त्या एकोणीस महिन्यांत विस्कटली ती पुन्हा नीट बसलीच नाही, त्यांचे ऋण समाजाने मान्य करावे हे योग्यच आहे. तथापि, वर्षानुवर्षे होणाऱ्या या कार्यक्रमांतून एक चित्र पक्के होत गेले आहे. सत्तेने उन्मत्त झालेले एक नेतृत्व, त्याभोवतीचे कोंडाळे, त्यांच्या टाचेखाली भरडली जाणारी मूक जनता आणि संधी मिळताच मतपेटीतून उसळलेला तिचा क्रोध, असे ते चित्र आहे. ते खोटे नाही, पण पुरते खरेही नाही. त्यात एक गोष्ट वगळली गेली आहे. आणीबाणी अनेकांना आवडली होती.

हे विधान कटू वाटेल. म्हणून मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीचे महाराष्ट्रातील निकाल एकदा नीट पाहावेत. राज्यातील ४८ पैकी २० जागा काँग्रेसला मिळाल्या. मुंबईतील सहाही जागा तिने गमावल्या. विदर्भात मात्र ११ पैकी ८ जागा काँग्रेसकडेच राहिल्या. अकोल्यातून वसंत साठे निवडून आले, वाशीममधून वसंतराव नाईक. ज्या नागपुरात संघाचा जन्म झाला आणि ज्या नागपूरच्या रेल्वे स्थानकावर ३० जून १९७५ रोजी सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांना अटक झाली, त्या नागपूरनेही काँग्रेसचे गेव्ह आवारी यांनाच दिल्लीला धाडले. संघावर बंदी होती, शेकडो कार्यकर्ते नागपूर, नाशिक रोड, येरवडा येथील कारागृहांत होते, सत्याग्रहाच्या तुकड्या निघून गेल्या होत्या. तरीही संघाच्या घरच्या अंगणातला मतदार बधला नाही.

भंडारा आणि चंद्रपूर यांच्याबरोबर या लाटेला अपवाद ठरला तो बुलढाणा. या राखीव मतदारसंघाने काँग्रेसचा पराभव करून रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गुणाजी गवई यांना निवडून दिले. त्या गटाला महाराष्ट्रात मिळालेली ती एकमेव जागा होती. जनता पक्ष आणि त्याच्या मित्रपक्षांनी मतांची विभागणी टाळली, त्याचे हे फळ. एरवी एकमेकांच्या सावलीला न उभे राहणारे समाजगट त्या एका निवडणुकीत एकाच चिठ्ठीवर शिक्का मारायला तयार झाले असल्याशिवाय ही जागा येणे शक्य नव्हते. जिजाऊंच्या सिंदखेडराजाचा हा जिल्हा. तेथील लखुजी जाधवरावांना आणि त्यांच्या मुलांना निजामशाहीच्या भर दरबारात १६२९ मध्ये दगाफटक्याने ठार करण्यात आले, ही कथा तिथल्या मुलांना पाठ असते. जाब विचारण्याची सोय नसलेली सत्ता काय करू शकते, हे त्या मातीला वेगळे शिकवावे लागत नाही, असे म्हणण्याचा मोह १९७७ चा निकाल पाहून होतो.

पण तो मोह आवरलेला बरा. कारण जानेवारी १९८० मध्ये याच बुलढाण्याने इंदिरा काँग्रेसचे बाळकृष्ण वासनिक यांना निवडून दिले. देशात त्या पक्षाला ३५३ जागा मिळाल्या. विदर्भाने तर तेवढीही वाट पाहिली नव्हती. जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस फुटून इंदिरा काँग्रेस निघाली. त्याच महिन्यात यवतमाळच्या जाहीर सभेत इंदिरा गांधी यांनी आणीबाणीतील अतिरेकांबद्दल खेद व्यक्त करून जबाबदारी स्वतःवर घेतली. महिनाभरात झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीत या नवजात पक्षाने राज्यात ६२ जागा मिळवल्या आणि त्यांतील मोठा वाटा विदर्भाचा होता. नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले ते या बळावर. म्हणजे आणीबाणी उठून वर्षही झाले नव्हते.

या मतदारांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. आपल्याकडे ती सवयही आहे. मतदाराने आपल्या मनासारखे मत दिले की तो सूज्ञ आणि विरुद्ध दिले की भोळा! प्रत्यक्षात त्या पाठिंब्याला कारणे होती आणि ती समजून घेतल्याशिवाय एकाधिकारशाहीचे मर्म उमगणार नाही.

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या हाडीमाशी खिळलेला होता. खडी फोडायला गेलेली घरंदाज माणसे लोकांनी पाहिली होती. १९७४ मध्ये महागाईचा दर वीस टक्क्यांच्या वर गेला. त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला. गुजरात आणि बिहार पेटलेले होते. अशा अस्वस्थ, धास्तावलेल्या समाजावर आणीबाणी आली आणि तिच्या मागोमाग उत्तम पाऊस आला. १९७५–७६ मध्ये देशात सुमारे १२ कोटी टन अन्नधान्य पिकले, तो तोवरचा विक्रम होता. भाव उतरले. पावसाचे श्रेय कोणत्याही सरकारचे नसते, पण ते घेण्यास कोणी हरकतही घेऊ शकत नव्हते, कारण हरकत छापण्यास सेन्सॉरची परवानगी लागत असे. वीस कलमी कार्यक्रमाने वेठबिगारी कायद्याने संपवली, ग्रामीण भागातील गरिबांच्या कर्जवसुलीला स्थगिती दिली. ज्या भूमिहीनाच्या दारातून सावकाराचा माणूस रिकाम्या हाताने परत गेला, त्याला वृत्तपत्रातील कोऱ्या सोडलेल्या अग्रलेखाचे दुःख का व्हावे? तो वृत्तपत्र वाचतच नव्हता. विदर्भातील मोठा दलित आणि आदिवासी समाज इंदिरा गांधींच्या मागे उभा राहिला, त्यात भीतीपेक्षा हा अनुभव अधिक होता.

गरिबांचे हे समजू शकते. सुशिक्षितांचे काय? कचेऱ्यांत कर्मचारी वेळेवर येऊ लागले. तस्करांना अटक झाली. संप नाहीत, मोर्चे नाहीत, परीक्षा ठरल्या दिवशी. आणि गाड्या वेळेवर धावू लागल्या. आणीबाणीचे हे प्रशस्तिपत्र आजही दिवाणखान्यांतून ऐकू येते. मुंबई–हावडा मार्गावरील मलकापूर, नांदुरा, शेगाव येथील लोकांनी ते द्यावे हे एक वेळ समजते, पण जिथे आजही रेल्वे पोहोचलेली नाही त्या बुलढाणा शहरातही ते दिले जाते! गाडी वेळेवर सोडण्यासाठी जयप्रकाशजींना चंडीगढच्या रुग्णालयात बंदिवान करून ठेवावे लागत नाही, एवढा साधा विचार त्या काळी अनेक पदवीधरांना सुचला नाही. विनोबांच्या नावे ‘अनुशासनपर्व’ हा शब्द सरकारने भिंतीभिंतींवर रंगवला, तेव्हा तर मध्यमवर्गाच्या मनातील उरलीसुरली टोचणीही गेली. शिवसेनेनेही आणीबाणीला पाठिंबा दिला होता, ही नोंद इतिहासात आहे. तुरुंगात गेलेल्यांच्या आठवणींत लाठीपेक्षाही जास्त बोचणारी एक गोष्ट पुनःपुन्हा येते. कर्ता पुरुष आत गेल्यावर घरी येणारे-जाणारे कमी झाले. शेजारी वाट बदलू लागले. काही घरांनी गुपचूप धान्य पोहोचवले, फी भरली, हेही तितकेच खरे. पण बहुसंख्य समाज ‘यांनी कशाला नसत्या भानगडीत पडायचे होते?’ असेच म्हणत होता.

डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रीय मंत्री म्हणून समोर असताना, जयप्रकाशजींच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे त्यांना अटक झाली. त्यांचे विचार या नियतकालिकाच्या वाचकांना सर्वच पटतील असे नव्हते आणि नाही. मराठी सारस्वताच्या दरबारात त्या दिवशी किती जणांनी त्यांच्यासारखे बोलण्याचे धैर्य दाखवले, हे मोजू गेल्यास हाताची बोटे पुरतात.

या संमतीची परिणती कुठे झाली? महाराष्ट्रापुरते पाहायचे तर एका विधेयकात. १९७६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारे विधेयक संमत केले. तीन जिवंत अपत्ये असलेल्या दांपत्यावर नसबंदीची सक्ती आणि न केल्यास शिक्षा, अशी त्याची योजना होती. असे विधेयक संमत करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. फुले–आगरकरांचा वारसा सांगणाऱ्या सभागृहात हे घडले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. परंतु कायद्यावाचून काही अडलेही नाही. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना ‘केसेस’ आणण्याची उद्दिष्टे देण्यात आली. १९७६–७७ या एका वर्षात देशभर सुमारे ८१ लाख शस्त्रक्रिया झाल्या. मुलांना शिकवणारा गुरुजी रात्री वस्तीवर माणसे शोधत फिरू लागला. आज लोकसंख्येला सक्तीच्या कायद्याशिवाय पर्याय नाही असे जे मोठ्या तावातावाने सांगतात, त्यांच्यापैकी अनेकांना या विधेयकाची माहितीही नसते.

उत्तर भारतात या सक्तीने घराघराचा उंबरठा ओलांडला आणि तिथेच सत्तेला तडा गेला. उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही. दक्षिणेत सक्तीचा जोर कमी होता. आंध्रात ४२ पैकी ४१ आणि कर्नाटकात २८ पैकी २६ जागा काँग्रेसने जिंकल्या. सेन्सॉर दोन्हीकडे सारखाच होता. मिसा दोन्हीकडे होता. शहा आयोगाच्या नोंदीनुसार मिसा आणि भारत संरक्षण कायद्याखाली मिळून १ लाख १० हजारांहून अधिक माणसे पकडली गेली, ती सर्व प्रांतांतली होती. ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेची जी मोडतोड केली, तीही साऱ्या देशाची. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ उच्च न्यायालयांचे निर्णय फिरवून बंदिवानाला दाद मागण्याचा हक्कच नाही असे ठरवले आणि एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी विरोधी मत नोंदवले, तेही विजापूरपासून बिजनौरपर्यंत सर्वांना सारखेच लागू होते. मग निकाल इतका भिन्न का? १९७७ चा कौल लोकशाहीच्या तत्त्वाला होता, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. मोठ्या अंशी तो घरापर्यंत येऊन पोहोचलेल्या जबरदस्तीविरुद्धचा कौल होता. जिथे ती घरापर्यंत आली नाही, तिथे लोकांनी राज्यकर्त्यांना पुन्हा निवडून दिले.

आणि ती निवडणूक झाली आणीबाणी लागू असतानाच, हेही विसरता कामा नये. १८ जानेवारी १९७७ ला घोषणा झाली, मार्चमध्ये मतदान झाले आणि पराभवानंतर २१ मार्चला आणीबाणी उठली. लोकसभेची मुदत दोनदा वाढवून घेणाऱ्या नेतृत्वाने अचानक निवडणूक का घेतली, याची अनेक उत्तरे दिली गेली आहेत. त्यातले एक सरळ आहे. लोक पाठीशी आहेत असे त्यांना वाटत होते. विदर्भ, आंध्र आणि कर्नाटकाचे निकाल पाहता ते अगदीच निराधार नव्हते. उत्तरेकडील गावांत सक्तीने केलेल्या त्या शस्त्रक्रिया थोड्या कमी झाल्या असत्या, तर आणीबाणीवर जनतेच्या मान्यतेची मोहोर उमटली असती. अशी मोहोर उमटलेली एकाधिकारशाही ही मोहोर नसलेल्या एकाधिकारशाहीपेक्षा कितीतरी अधिक घातक, कारण तिच्याविरुद्ध बोलणारा हा आपोआप जनतेचाच शत्रू ठरतो.

मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर या चिमुकल्या देशात नेमके हेच घडले आहे. गुंडांच्या टोळ्यांनी तो देश नासवला होता. अध्यक्ष नायिब बुकेले यांनी मार्च २०२२ मध्ये आणीबाणी पुकारली, ती महिन्या-महिन्याने वाढवत नेली आणि सत्तर हजारांहून अधिक लोकांना तुरुंगात टाकले. खून कमालीचे घटले, हे सत्य आहे. माणसे रात्री रस्त्यावर फिरू लागली, हेही सत्य आहे. राज्यघटनेत लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येण्यास मनाई होती, पण न्यायाधीश आधीच बदललेले असल्याने ती अडचण उरली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, त्यांना सुमारे ८५ टक्के मते मिळाली. पुढच्या वर्षी कितीही वेळा निवडून येण्याची मुभा देणारी दुरुस्तीही झाली. पकडलेल्यांपैकी हजारो लोक निर्दोष म्हणून सोडावे लागले. त्यांच्या घरच्यांनी मत कोणाला दिले असेल, हे कोणी विचारले नाही.

शेजारच्या बांगलादेशचे उदाहरण वाचकांना अधिक जवळचे वाटेल. २०१४ मध्ये शेख हसीना यांच्या राजवटीने घेतलेल्या निवडणुकीत निम्म्याहून अधिक जागा बिनविरोध गेल्या, २०२४ च्या जानेवारीत प्रमुख विरोधी पक्षाने बहिष्कार टाकला. तेथील हिंदू समाज मोठ्या प्रमाणावर अवामी लीगच्या आश्रयाला राहिला आणि त्याला दोष देता येत नाही, दुसरीकडे जमाते इस्लामीची टांगती तलवार होती. परंतु ५ ऑगस्ट २०२४ रोजी हसीना देश सोडून निघाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून हिंदूंची घरे, दुकाने, मंदिरे यांवर हल्ल्यांच्या वार्ता येऊ लागल्या. पंधरा वर्षांच्या त्या सत्तेने हिंदूंना अभय दिले होते, पण त्या अभयामागे कायद्याने बांधलेले पोलीस आणि निर्भीड न्यायालय उभे केले नव्हते. ते अभय एका व्यक्तीच्या पदराला गाठ मारून ठेवलेले होते. पदर गेला, गाठही गेली.

भारतात असे होणार नाही, अशी खात्री देणारे पुष्कळ आहेत. प्यू रिसर्च सेंटरने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीत संसद आणि न्यायालये यांचा अडथळा न होता निर्णय घेणारा खंबीर नेता असणे चांगले, असे सांगणारे ५५ टक्के भारतीय होते. २०२३ च्या पाहणीत ते ६७ टक्के झाले. पाहण्यांच्या आकड्यांवर किती भिस्त ठेवावी हा प्रश्न वेगळा, पण ‘या देशाला दांडकेच हवे’ हे वाक्य लग्नकार्यात, रेल्वेच्या डब्यात, निवृत्तांच्या कट्ट्यावर ज्याने ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. यात विशेष हे की, ते म्हणणारे कित्येकदा २५ जूनच्या सभेला पहिल्या रांगेत बसलेले असतात. इंदिरा गांधींचे दांडके वाईट होते, कारण ते आपल्या पाठीत बसले. दांडके आपल्या हाती असले म्हणजे त्याला सुशासन म्हणायचे काय?

हा प्रश्न आज विचारणे भाग आहे, कारण १९७५ चे बंदिवान आणि आजचे राज्यकर्ते यांचे वैचारिक घराणे एक आहे. महाराष्ट्रात मिसाबंदींचा सन्मान म्हणून २०१८ मध्ये मानधन सुरू झाले, २०२० मध्ये आघाडी सरकारने ते थांबवले, २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि २०२५ मध्ये दुप्पट झाले. याच २०२५ च्या जुलैत विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक संमत केले. शहरांत बसून नक्षलवादाला रसद पुरवणाऱ्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. गडचिरोलीत हुतात्मा झालेल्या जवानांच्या घरी जाऊन आलेल्याला त्याबद्दल शंका नसेल. परंतु मिसा हा कायदासुद्धा १९७१ मध्ये, बांगलादेशच्या प्रश्नावरून युद्धाचे ढग जमत असताना, देशाच्या सुरक्षेसाठी म्हणूनच आला होता. चार वर्षांनी त्याच्या कोऱ्या वॉरंटांवर कोणाची नावे लिहिली गेली, ते मानधन घेणाऱ्यांना विचारावे. जो कायदा विरोधी पक्षाच्या सरकारच्या हाती द्यायला भीती वाटते, तो स्वतःच्या सरकारच्या हाती देतानाही त्याची कलमे वाचून पाहावीत, एवढी सावधगिरी त्या एकोणीस महिन्यांनी शिकवायला हवी होती.

दांडक्याचे हे आकर्षण दिल्ली-मुंबईपुरते नसते, ते जिल्ह्याच्या ठिकाणीही रुजते. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडून आलेल्या बुलढाणा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, तो खराच होता. पण वर्षामागून वर्ष गेले. आधी महाविकास आघाडीचे सरकार होते, त्याच वर्षीच्या जूनअखेर ते जाऊन महायुतीचे आले, प्रशासक मात्र कायम राहिला. ही एकट्या बुलढाण्याची गोष्ट नव्हती, राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा आणि महापालिकांची तीच अवस्था झाली. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तरी नगरपालिकांचे मतदान व्हायला डिसेंबर उजाडला. शाळेची गळकी खोली, आरोग्य केंद्रातले रिकामे पद, पाणंद रस्ता यांविषयी ज्याला हक्काने अडवून विचारता येत होते तो सदस्य मधल्या काळात नव्हता. प्रशासकाला कोणी निवडलेले नव्हते आणि कोणी पाडूही शकत नव्हते. ‘निदान भांडणे तरी थांबली, साहेब कामे करतात’ असे त्यावर म्हणणारे सुशिक्षित कमी नव्हते.

त्या वर्षांत जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीनच्या भावासाठी मोठी आंदोलने झाली, पीकविम्यासाठी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. जिल्हा परिषद लोकांच्या हाती परत द्या ही मागणी मात्र क्षीणच राहिली. दरवर्षी २५ जूनला सत्कार स्वीकारणाऱ्या व्यासपीठांवरूनही ती फारशी झाली नाही. मिसाबंदींपैकी जे आज हयात आहेत त्यांची वये सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत. सत्काराच्या शालीबरोबर हा विषयही त्यांच्यापुढे ठेवला असता, तर त्यांच्यापैकी कोणी गप्प बसले नसते.